चाळिशीपलीकडची गंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत 'चाळिशी' म्हणजे वयही आणि जवळचं वाचायचा चष्माही. एकाच शब्दात दोन्ही बसले, कारण दोन्ही बहुधा हातात हात घालूनच येतात. या वयातली मित्रमंडळी जमली की तेच ते प्रश्न निघतात. निम्मे हसत विचारलेले असतात, निम्मे आतून थोडं घाबरत. कारण कळलं की ती भीती जाते आणि हसू मोकळं होतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथे गमतीसोबत कारणंही दिली आहेत.

मोबाइल लांब धरला तरच अक्षरं दिसतात. हात अपुरे पडायला लागले का?

हात आहेत तेवढेच आहेत, डोळ्यातलं भिंग ताठर झालं आहे. जवळचं बघताना हे भिंग फुगतं आणि लांबचं बघताना सपाट होतं. वय वाढतं तसा त्याचा लवचीकपणा कमी होत जातो. दहा वर्षांच्या मुलाला साधारण ८ सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दिसतं. पन्नाशीत तेच अंतर ४० सेंटिमीटरच्या आसपास जातं. हा बदल शाळेत असल्यापासून चालू असतो. फक्त पुस्तक धरायच्या अंतरापर्यंत तो पोचला, की एके दिवशी आपल्याला वाटतं की छपाईच बारीक झाली.

मध्यंतरी आम्ही तिघी मैत्रिणी एका औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचत होतो. एकीने बाटली हातभर लांब धरली, मान मागे नेली, डोळे बारीक केले. दुसरी म्हणाली, "दे इकडे," आणि ती बाटली घेऊन खिडकीशी गेली. तिसरीने बाटली काढून घेतली, मोबाइलवर फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं: "वापरण्यापूर्वी बाटली हलवावी." तोवर ती तिघींच्या हातून फिरून चांगली हलून झाली होती. कितीतरी वेळ आम्हाला हसू आवरेना.

खरं तर तिघींनीही योग्य तेच केलं होतं. लांब धरलं की ताठर भिंगालाही अक्षर सापडतं. खिडकीतल्या उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते आणि बारीक बाहुलीतून जास्त रेखीव दिसतं. फोटोचं तर सांगायलाच नको.

या धडपडीला जुनी परंपरा आहे. अमेरिकेचे मुत्सद्दी आणि संशोधक बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ च्या एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याबद्दल आनंदाने लिहिलं. वर लांबचं भिंग, खाली जवळचं. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते आणि फ्रान्समध्ये राहत होते. पुढच्या वर्षीच्या पत्रात त्यांनी उपयोगही सांगितला: जेवणाच्या टेबलावर ताटही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही, आणि चेहरा दिसला की फ्रेंच जास्त कळतं!

चष्म्याचा नंबर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या. त्याच वेळी डोळ्यातला दाब तपासून होतो. काचबिंदू सुरुवातीला काहीच त्रास देत नाही, म्हणून ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटते.

चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते. हे विसरणं वाढत जाईल का?

यात विसरण्याचा भाग कमी आहे. अंगावर सतत टेकलेल्या वस्तूचा स्पर्श मेंदू काही वेळाने मोजेनासा होतो. हातातलं घड्याळ, बोटातली अंगठी दिवसभर कुठे जाणवते? तसाच डोक्यावरचा चष्मा. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण करणाऱ्यांनाही हा अनुभव असणारच. दोन चष्मे करून एक कायम एकाच जागी ठेवा.

ओळखीच्या माणसाचं नाव अगदी ओठावर असतं आणि बाहेर येत नाही. असं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

एका जुन्या वर्गमित्राचा विषय निघाला होता. आम्ही चौघं. तो खिडकीजवळ बसायचा, हे एकाला आठवलं. शर्यतीत पडून त्याचा पाय मोडला होता, हे दुसरीला. त्याच्या भावाच्या सायकलचा रंगसुद्धा निघाला. नाव काही येईना. "'स' वरून आहे बघ." "नाही रे, 'प' असणार." "तीन अक्षरी आहे, एवढं नक्की." शेवटी कंटाळून सगळे आपापल्या घरी गेले. रात्री पावणेतीनला आमच्या ग्रुपवर एक संदेश आला. त्यात नमस्कार नाही, खुलासा नाही, फक्त ते नाव. पुढच्या पाच मिनिटांत बाकी तिघांचे अंगठे आले. म्हणजे त्या वेळी चौघंही जागेच होतो.

हे कसं घडतं याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं की आठवणीतली ती मोकळी जागा नुसती रिकामी नसते. हरवलेल्या नावाचा आकार तिला असतो, म्हणून चुकीचं नाव सुचवलं की 'हे नाही' हे लगेच कळतं. १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅकनील या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हा अडकलेला क्षण प्रयोगात पकडला. शब्द सापडत नसतानाही लोकांना त्याचं पहिलं अक्षर आणि लांबी पुष्कळदा बरोबर सांगता येत होती. शिंक येता येता अडावी, तशी ती अवस्था असते असं त्यांनी म्हटलं, आणि याहून चपखल वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

वय वाढतं तसं हे जास्त वेळा होतं आणि सगळ्यात जास्त विशेषनामांच्या बाबतीत होतं. 'सुतार' हा धंदा म्हणून ऐकला की डोळ्यांसमोर रंधा येतो, लाकडाचा भुसा येतो, वास येतो. 'सुतार' हे आडनाव म्हणून ऐकलं की असं काहीच येत नाही. इंग्रजीतल्या 'बेकर' या शब्दावर १९८७ मध्ये असाच प्रयोग झाला. तोच शब्द धंदा म्हणून सांगितला तर लोकांच्या लक्षात राहत होता, आडनाव म्हणून सांगितला तर निसटत होता. नावाला धरायला कमी दोरे असतात, म्हणून ते आधी सुटतं. आणि हे सगळं होत असताना आपला शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत वाढतच असतो.

उपाय म्हणजे नाद सोडणं. चुकीचं नाव घोकत बसलं की तेच वाट अडवून बसतं. विषय बदला. नाव आपल्या सवडीने येतं, बहुतेक वेळा रात्री.

दुसऱ्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही.

हे वयाच्या खात्यावर अजिबात मांडू नका. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. भाग घेणारे कॉलेजचे विद्यार्थी होते. तेवढंच अंतर एकाच खोलीत चालल्यावर त्यांना जे आठवत होतं, ते दार ओलांडल्यावर जास्त विसरायला होत होतं. दार ओलांडलं की मेंदू मागचा प्रसंग आवरून ठेवतो आणि नवा उघडतो. परत पहिल्या खोलीत जाऊन उभं राहावं असं आपण एकमेकांना सांगतो, पण त्या प्रयोगात त्यानेही फारसा फरक पडला नाही.

विशीतली पोरंही हे रोज विसरतात, फक्त ती त्याचा विचार करत नाहीत. आपण करतो. मला यात उपयोगी पडलेली गोष्ट एकच: जाताना मोठ्याने बोलत जायचं. "कात्री, कात्री, कात्री." घरातले हसतात, पण कात्री येते.

उठताना तोंडून आपोआप "आई गं" निघतं आणि गुडघे कटकट वाजतात. हाडं झिजली का?

नुसता आवाज असेल, दुखत नसेल, सूज नसेल, तर बहुधा काळजीचं कारण नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणला गेला की तिथला दाब एकदम उतरतो, द्रवात पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडताना ही पोकळी तयार होताना २०१५ मध्ये एमआरआयवर थेट पाहिली गेली. गुडघ्यात याशिवाय स्नायूंचे दोर हाडाच्या उंचवट्यावरून सरकतात, त्याचाही आवाज असतो.

या विषयातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड उंगर. बोटं मोडलीस तर संधिवात होईल, असं त्यांना लहानपणी आई आणि मावश्यांनी बजावलं होतं. पुढे सासूबाईंनीही तेच सांगितलं. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं रोज किमान दोनदा मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. असं साठ वर्षं केलं! दोन्हीपैकी कुठल्याच हाताला संधिवात झाला नाही. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस. एका माणसाच्या दोन हातांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष निघत नाही, पण त्या चिकाटीपुढे मी मनापासून हात जोडते.

"आई गं" म्हणायला हरकत नाही. उठताना श्वास सोडला की जोर लावणं सोपं जातं, आणि सोडलेल्या श्वासाबरोबर आवाज आलाच.

झोपलो तेव्हा ठीक होतो, उठलो तर मान धरलेली. झोपेत माणूस काय करतो?

काहीच करत नाही, तीच अडचण असते. तरुणपणी झोप गाढ असली तरी अंग लवचीक असतं, वेडीवाकडी मान सकाळी सरळ होते. पुढे मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी कमी होतं, स्नायू आखडायला वेळ लागत नाही. शिंकताना उसण भरते तीही याच घराण्यातली. दोनतीन दिवसांत सुटते. हाताला मुंग्या येत असतील किंवा हातातला जोर गेला असेल तर मात्र थांबू नका.

डोक्यावरचे केस जातात आणि कानातले वाढतात. हा कुठला न्याय?

एकाच संप्रेरकाचा. पुरुषी संप्रेरकाने डोक्यावरची केसांची मुळं बारीक होत जातात, आणि कान, नाक, भुवया इथली मुळं जाड होतात. जागा बदलली की त्याच निरोपाचा अर्थ उलटा लागतो.

पांढऱ्या केसांबद्दल दोन गोष्टी. काळा केस वाढल्यावर पांढरा होत नाही, तो मुळातूनच पांढरा उगवतो, कारण तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशी थकलेल्या असतात. आणि एक उपटला तर सात येतात हे खरं नाही. त्या मुळातून एकच येतो, तोही पांढराच. उपटून मूळ दुखावतं, एवढाच तोटा.

कानांवर तर रीतसर संशोधन झालं आहे. जेम्स हीथकोट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९५ मध्ये २०६ जणांच्या कानांची मोजणी प्रसिद्ध केली. वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर, म्हणजे पन्नास वर्षांत साधारण एक सेंटिमीटर वाढ! जुन्या फोटोंत आजोबांचे कान मोठे दिसतात, तो आपला भास नसतो.

कान मोठे होतात तर ऐकू कमी का येतं?

वाढतो तो बाहेरचा कान. ऐकायचं काम आतल्या कानातल्या नाजूक रोमपेशी करतात, आणि उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. २००५ मध्ये वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपलटन यांनी टवाळ पोरांना पांगवायला एक यंत्र आणलं. त्याचा सुमारे १७ किलोहर्ट्झचा, म्हणजे फारच उंच पट्टीतला किरकिराट पोरांना असह्य व्हायचा आणि मोठ्यांना पत्ताही लागायचा नाही. पोरांनी तोच आवाज मोबाइलच्या रिंगटोनला लावला. वर्गात फोन वाजायचा आणि शिक्षकांना ऐकू यायचा नाही. हे वाचलं त्या दिवशी मी पोरांच्या बाजूने टाळ्या वाजवल्या.

'स', 'श', 'फ' अशा व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द कळत नाही. घरातले म्हणतात, "लक्ष नसतं तुझं." लक्ष असतं. सारखं "काय?" विचारावं लागत असेल तर श्रवणचाचणी करून घ्या. संकोचाने गप्प बसणारी माणसं हळूहळू गप्पांतूनच बाहेर पडतात, आणि हसण्याची निम्मी ठिकाणं गप्पांतच असतात.

पोट सुटलं. चयापचय मंदावलं म्हणून ना?

आपण सगळेच असं म्हणतो. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजणी आली. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची माणसं होती. शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले, तर वीस ते साठ या काळात ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच राहतो असं निघालं. मी हे एका मित्राला सांगितलं, तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे ते बिचारं निर्दोष आहे." बसणं वाढतं, झोप मोडते, स्नायू वापराविना कमी होतात. वजन उचलायचे व्यायाम या वयात सुरू केले तरी फायदा होतो.

ऋतू कुठलाही असो, मी पंखा लावते आणि घरातले बंद करतात. यावर हसावं का?

जिला होतंय ती हसली तर आपण हसायचं, असा माझा नियम आहे.

पाळी थांबण्याच्या काळात, बहुतेकींच्या बाबतीत ४५ ते ५५ मध्ये, मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. एरवी लक्षातही येणार नाही इतक्या फरकाने ते शरीराला 'गार हो' असा हुकूम देतं. चेहरा तापतो, घाम फुटतो आणि काही मिनिटांनी थंडी वाजते. म्हणून पंखा चालू, पंखा बंद, पांघरूण अंगावर, पांघरूण पायाशी. त्रास फार असेल तर त्यावर चांगले उपचार आहेत. सहन करत बसायची गरज नाही.

या वाटेवर आपल्यासोबत फार थोडे प्राणी आहेत, त्यांत ऑर्का देवमासे येतात. त्यांच्या माद्या प्रजनन थांबल्यावर कित्येक वर्षं जगतात, आणि अन्नाची टंचाई असते तेव्हा कळपाच्या पुढे बहुधा याच वयस्क माद्या असतात. ज्या मैत्रिणीला हे सांगितलं, तिने त्याच रात्री पंख्याचं बटण कायमचं आपल्या बाजूला घेतलं.

रात्री नऊला पेंग आणि पहाटे चारला टक्क जाग. काय करू?

वयाबरोबर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि गाढ झोपेचा वाटा कमी होतो. संध्याकाळी उजेडात फिरा, दुपारची डुलकी आटोपशीर ठेवा. बाकी चारला उठलेली मंडळी पुष्कळ आहेत, ग्रुपवर बघा.

काल एका मुलीने उठून मला बसायला जागा दिली. मी मागे वळून बघितलं की कुणासाठी!

बघणारच. २००६ मध्ये डेन्मार्कमधल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. चाळिशीनंतर माणसाला आपलं वय खऱ्यापेक्षा साधारण २० टक्क्यांनी कमी वाटतं, असं त्यात दिसलं. म्हणजे पन्नाशीतल्या माणसाला आतून चाळिशीचं वाटतं. त्या मुलीने एका पन्नाशीतल्या बाईला जागा दिली आणि वळून बघितलं ते एका चाळिशीतल्या बाईने. जागा मात्र घ्यावी आणि छान 'थँक्यू' म्हणावं. त्या मुलीचा चांगुलपणा परत करू नये.

'मिडलाइफ क्रायसिस' खरंच असतो का?

मध्यमवयात येणाऱ्या मानसिक संकटासाठी हा शब्द एलियट जॅक्स या मनोविश्लेषकांनी १९६५ मध्ये रूढ केला. ते तेव्हा स्वतः ४८ वर्षांचे होते. प्रत्येकाला मोठा झटका बसतो असं नाही. पण अनेक देशांतल्या पाहण्यांत समाधानाची रेघ चाळिशीच्या उत्तरार्धात खाली वाकते आणि पुढे पुन्हा वर चढते. २०१२ मध्ये ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटानांबद्दल त्यांना सांभाळणाऱ्यांना विचारलं गेलं, तर तिथेही मध्यमवयात तसाच खळगा निघाला. त्यांना ना कर्ज, ना बढती, ना मुलांची परीक्षा! आपल्या उदासीचं सगळं खापर आपल्या चुकांवर फोडायला नको, हे मला चिंपांझींनी पटवलं.

पन्नाशीत कुणी गिटार घेतली, पोहायला शिकायला लागलं, लालभडक शर्ट घातला, की लोक 'म्हातारचळ' म्हणतात. हा शब्द मला मनापासून खटकतो. त्या माणसाचं हसू त्या शब्दाने कोमेजतं. गिटार बेसूर वाजत असेल तर आपण मिळून हसू, पण वाजवू द्या.

कशावर अजिबात हसून सोडायचं नाही?

डोळ्यांसमोर अचानक ठिणग्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा पडदा आल्यासारखं होणं. एका कानाने एकाएकी ऐकू न येणं. या दोन्हींना त्याच दिवशी डॉक्टर हवा. छातीवर दडपण, ते हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम: लगेच दवाखाना. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं. खूप तहान आणि रात्री सारखं लघवीला उठणं. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं चालतं. किल्ली कशासाठी असते हे विसरणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, हे वेगळं आहे. या वयाची एक खोड अशी की 'वयच झालं' म्हणून खऱ्या दुखण्यावरही विनोद करून टाकायचा. तसं करणाऱ्या मित्राला हात धरून न्या.

वयावर सतत हसत राहिलं तर उलट म्हातारपण लवकर जाणवत नाही का?

कशा तऱ्हेने हसता यावर आहे. अमेरिकेतल्या संशोधक बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये पन्नाशीपुढच्या ६६० जणांचा अभ्यास मांडला. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण मला त्यात तथ्य वाटतं. 'मी आता कशालाच उपयोगाचा नाही' हे विनोदाने शंभरदा म्हटलं की ते मनात बसतं. बाटली वाचणाऱ्या आम्ही तिघी हसलो तेव्हा कुणीच लहान झालं नव्हतं.

हसत हसत करता येईल असं काही सांगा.

एका पायावर उभं राहून बघा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०० जणांना दहा सेकंद असं उभं राहायला सांगितलं होतं. पाचांतल्या एकाला जमलं नाही. तोल सरावाने सुधारतो. आमच्याकडे दात घासताना हे चालतं, एक मिनिट डावा, एक मिनिट उजवा, हात बेसिनच्या जवळ. नवरा एका दाराशी, मी दुसऱ्या बाजूला, दोघांच्या तोंडात फेस, म्हणून बोलता येत नाही. जो आधी पाय टेकवेल त्याने दिवसभर चष्मे शोधायचे. परवा दोघांचाही पाय एकदमच टेकला.